जहाज कल्पेनीला थांबलं नाही

बालमित्रांनो, पावसाळ्यात तुमच्यापैकी कित्येकांनी हे पाहिलं असेल. नदीला पूर येतो, पुलावरून पाणी वाहू लागतं आणि एसटी पुलाच्या अलीकडेच उभी राहते. पलीकडे गाव दिसत असतं. देवळाचा कळस दिसतो, शाळेचे पत्रे दिसतात. पण ड्रायव्हरकाका स्टिअरिंगवरचे हात काढून घेतात आणि म्हणतात, "गाडी पुढे जाणार नाही." मग कोणी चिडतं, कोणी डबा उघडतं, तर कोणी "मी असतो तर घातली असती गाडी!" अशा बढाया मारतं.

समुद्रावरही असंच होतं, बरं का! फरक एवढाच, की तिथे पाणी ओसरेपर्यंत बसायला टपरी नसते. जहाज थोडा वेळ वाट पाहतं आणि वळून पुढच्या बंदराकडे निघून जातं. ज्यांना उतरायचं होतं, ते कठड्याला धरून नुसते बघत राहतात. अशाच एका चुकलेल्या थांब्याबद्दल आज मी तुम्हांला सांगणार आहे.

प्रवाळांचं कंकण

तुमच्या भूगोलाच्या नकाशात केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात काही ठिपके दिसतील. तेच लक्षद्वीप. एकूण ३६ बेटं, पण त्यांतल्या फक्त १० बेटांवर माणसं राहतात. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली, तरी ती भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर! बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यापेक्षा तिपटीनं मोठं आहे. भात, भाजी, औषधं, सिमेंट, वह्या-पुस्तकं, जवळजवळ सगळं तिथे जहाजानं येतं. विमानतळ एकच, अगत्ती बेटावर.

ही बेटं कशी झाली ठाऊक आहे? प्रवाळ नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी हजारो वर्षं आपले चुन्याचे सांगाडे एकावर एक रचले. त्यातून समुद्रात बांगडीसारखं कडं तयार झालं. त्याला भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप म्हणतात. कड्याच्या आत उथळ, निळंहिरवं, शांत पाणी. त्याचं नाव खारकच्छ. आणि कड्याच्या बाहेर? बाहेर समुद्र एकदम खोल. म्हणून मोठं जहाज बऱ्याच ठिकाणी बेटापर्यंत येतच नाही. ते कड्याबाहेर उभं राहतं आणि किनाऱ्यावरून छोट्या होड्या प्रवाळांमधल्या खिंडीतून बाहेर येतात. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, होडी तिथे लागते आणि माणसं एकेक करून होडीत उतरतात.

तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी कोकणातले असतील, तर त्यांना हे नवीन नाही. मुंबईहून निघणारी आगबोटही कोकणातल्या कितीतरी बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या हे सगळं होडीतून किनाऱ्याला जायचं.

ऊन पडलंय, मग थांबत का नाही?

२०१९ सालच्या मे महिन्यात आम्ही अलिबागकडची तीन घरची अकरा माणसं लक्षद्वीपला निघालो. पनवेलहून कोकण रेल्वेनं एर्नाकुलम आणि कोचीहून जहाज. त्या सहलीत तीन बेटं पाहायची होती, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. रात्री जहाज चालायचं आणि दिवसा आम्ही बेटावर उतरायचं. बेटांवर जायला आधी परवाना काढावा लागतो. तो काढला होता, पोहण्याचे कपडे घेतले होते, चिवडा-लाडूंचे डबे भरले होते. पहिल्या दिवशी कवरत्ती झकास झालं.

मला स्वतःला मात्र ओढ होती ती कल्पेनीची. त्याची दोन कारणं. लक्षद्वीपमध्ये मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या त्या कल्पेनी बेटावर. मुलींनी शिकणं लोकांना पसंत नव्हतं, त्या काळात! शाळेत शिकवणाऱ्या बाईला याचं अप्रूप वाटणारच. दुसरं कारण म्हणजे १८४७ साली या बेटावर भयंकर वादळ आलं होतं. त्या वादळानं समुद्रातले प्रवाळांचे दगड उचलून पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या किनाऱ्यावर फेकले आणि तिथे त्यांचा लांबच लांब बांध तयार झाला. तो बांध आजही आहे. तो मला हातानं चाचपून पाहायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मुलं डेकवर हजर! समोर कल्पेनी. पांढऱ्या वाळूची रेघ आणि तिच्यावर माडांची दाट झालर. आकाश निरभ्र, कोवळं ऊन, वारा अगदी बेताचा. किनाऱ्याकडून एक होडी आली. जहाजाजवळ येताच ती एकदम वर आली, इतकी की दरवाज्याच्याही वर हातभर गेली. आणि पुढच्या क्षणी पुरुषभर खाली! पुन्हा वर, पुन्हा खाली. जहाज मात्र जागचं हललं की नाही, असं वाटावं. खलाशांनी दोर फेकून पाहिला. होडीवाल्यांनी दोनदा प्रयत्न केला. शेवटी होडीतल्या माणसानंच दोन्ही हात हलवून "नाही" अशी खूण केली आणि होडी माघारी वळली.

थोड्याच वेळात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं, "समुद्राच्या स्थितीमुळे आज कल्पेनीला उतरता येणार नाही. जहाज मिनिकॉयकडे जात आहे."

आमचा तिसरीतला चिरंजीव रडकुंडीला आला. "आई, ऊन पडलंय की! पाऊस नाही, वारा नाही. मग का नाही थांबत?"

प्रश्न अगदी योग्य होता. मोठी माणसंही तेच विचारत होती, फक्त जरा जास्त चढ्या आवाजात!

चोरपावलांनी येणारा समुद्र

मुलांनो, याचं उत्तर फार गमतीचं आहे. समुद्रावर दोन तऱ्हेच्या लाटा असतात. एक, तिथल्या तिथे वाहणाऱ्या वाऱ्यानं उठणाऱ्या. या आखूड, घाईघाईनं येणाऱ्या आणि माथ्यावर फेस मिरवणाऱ्या. दुसऱ्या लाटा येतात लांबून. पार दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या टोकाला कुठेतरी वादळ होतं. तिथे उठलेल्या लाटा चार-पाच दिवस हजारो किलोमीटर चालत आपल्याकडे येतात. तोवर त्यांचा फेस जातो, त्या लांब आणि गुळगुळीत होतात. त्यांना फुगवटा म्हणू या. आपल्याकडे ऊन असतं, वारा नसतो, आणि तरीही समुद्र खालून उचलत असतो!

केरळच्या कोळ्यांनी अशा अचानक चढून येणाऱ्या समुद्राला फार छान नाव दिलंय, 'कल्लक्कडल'. मल्याळममध्ये कल्लन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. चोरासारखा, चाहूल न देता येणारा समुद्र! पावसाळ्याच्या आधी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत तो जास्त येतो. हैदराबादला इन्कॉइस नावाची आपल्या देशाची समुद्रविषयक माहिती देणारी संस्था आहे. अशा लाटांचा अंदाज बांधून ती कोळ्यांना आणि जहाजांना आधीच इशारा देते.

मग लाट जहाजाला का हलवत नाही आणि होडीला का हलवते? ते घरी करून बघा. आंघोळीच्या मोठ्या टबात पाणी घ्या. त्यात एक मोठा प्लॅस्टिकचा डबा तरंगवा, त्यात थोडं वजन ठेवा. शेजारी एक छोटी वाटी सोडा. आता हातानं सावकाश लाटा करा. डबा आणि वाटी एकाच वेळी वर-खाली होतात का? नाही होत. आता वाटीतलं खोडरबर चमच्यानं डब्यात टाकून पाहा. दोन-चारदा तरी ते पाण्यात पडेल. खोडरबराच्या जागी माणूस आहे अशी कल्पना करा. त्याचा पाय जहाज आणि होडी यांच्या मध्ये आला तर? मग कळतं, जहाज का थांबलं नाही ते.

माझ्या सातवीतल्या पुतणीनं त्या दिवशी आणखी एक उद्योग केला होता. होडी वर गेली की ती मोजायला लागे, "एक, दोन, तीन..." आणि पुन्हा वर आली की थांबे. दर वेळी उत्तर पंधरा-सोळा सेकंदांच्या आसपास. जवळच्या वाऱ्याच्या लाटा साधारणपणे चार ते सहा सेकंदांनी येतात. म्हणजे ही लाट लांबची पाहुणी होती! घड्याळ आणि डोळे एवढ्या भांडवलावर तिनं ते शोधून काढलं. चिडून बसलेल्या बाकीच्या मुलांनाही मग मोजण्याचा नाद लागला.

घर समोर दिसत होतं

तरीसुद्धा दुपारपर्यंत आमची मंडळी धुसफुसतच होती. "पैसे भरलेत आम्ही", "एवढ्या लांबून आलो", "अर्धा तास थांबले असते तर काय बिघडलं असतं", असं काय काय. तेवढ्यात पुतणी धावत आली. "काकू, खाली चल. तिथे कल्पेनीची मुलगी आहे!"

खालच्या डेकवर बेटांवरचे लोक प्रवास करत होते. भाजीची पोती, अंड्यांचे ट्रे, औषधांची खोकी आणि त्यांत चटई अंथरून बसलेली माणसं. नववीतली एक मुलगी आपल्या आईच्या उशाशी बसली होती. आईचं कोचीच्या एका इस्पितळात ऑपरेशन झालं होतं. तीन आठवड्यांनी त्या घरी निघाल्या होत्या. घरी आजी होती आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ. सकाळी जहाजाच्या खिडकीतून तिला गावातली मशीद दिसली, धक्का दिसला. आणि जहाज वळलं.

मी शिक्षिका आहे हे कळल्यावर ती मला "टीचर" म्हणू लागली. केरळात मुलं बाईंना अशीच हाक मारतात आणि बेटांवरही तेच. शाळेत शिकलेल्या हिंदीत ती हळूहळू, शब्द शोधत बोलत होती. पुतणीनं तिला विचारलं, "तुला राग नाही आला? घर समोर होतं ना!"

ती म्हणाली, "सकाळी आलेल्या होडीत माझे मामा होते. नाही म्हणून हात त्यांनीच हलवला. मी त्यांना 'या' कसं म्हणू?"

पुतणी काही बोलली नाही. मीही नाही. आमचा चुकला होता तो एका दिवसाचा खेळ. तिचं चुकलं होतं घर. आणि तीच आम्हांला समजावत होती! आम्ही वरून लाडूंचा डबा आणला. तिच्या आईनं खूण करून आधी मुलांना द्यायला सांगितलं.

आजोबांनी सांगितलेली गोष्ट

वर आलो तेव्हा सहलीतले एक गृहस्थ जहाजावरच्या तरुण कर्मचाऱ्याला फैलावर घेत होते. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. तेव्हा माझे सासरे पुढे झाले. त्यांचं मूळ गाव रेवसजवळचं. त्यांनी त्या गृहस्थांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "रामदास बोटीचं नाव ऐकलंय का हो तुम्ही?"

मुलांनो, तुम्ही ऐकलंय का? १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या दिवशी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रामदास नावाची बोट रेवसला निघाली. दिवस भर पावसाळ्याचे. वाटेत वारा-पाऊस वाढला, काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत त्या दिवशी एकाहून अधिक घरांत चूल पेटली नाही.

"आमच्या आळीतलीही माणसं होती त्या बोटीत," सासरे म्हणाले. "लहानपणी घरात कोणी 'बोट चुकली' म्हणून कुरकुरलं, की आमचे वडील म्हणत, चुकली ती बरी, बुडाली ती वाईट."

ते गृहस्थ गप्प झाले. थोड्या वेळानं त्यांनीच त्या कर्मचाऱ्याला चहा दिला.

आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. १९१२ साली टायटॅनिक बुडून पंधराशेच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर १९१४ मध्ये अनेक देशांनी मिळून समुद्रावरच्या माणसांच्या जिवाचं रक्षण करण्यासाठी एक करार केला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आज तो 'सोलास' या नावानं ओळखला जातो. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की माणसांच्या सुरक्षिततेसाठी कप्तानानं घेतलेला निर्णय जहाजाच्या मालकानंसुद्धा अडवायचा नाही. मालकाला जिथे अडवता येत नाही, तिथे प्रवाशांनी आरडाओरडा करून काय होणार? आणि खरं सांगा, तसं व्हावं तरी का?

एक तासाचा थांबा

तिसऱ्या दिवशी मिनिकॉयला मात्र समुद्रानं "या" म्हटलं. लक्षद्वीपच्या अगदी दक्षिणेचं हे बेट. बाकीच्या बेटांवर मल्याळमशी नातं असलेली बोली बोलतात, तर इथे मालदीवशी नातं सांगणारी महल भाषा. १८८५ साली बांधलेलं दीपगृह अजून दिमाखात उभं आहे. मुलांनी धमाल केली. पण संध्याकाळी जहाजावर परतताच सगळी आधी खालच्या डेकवर गेली. तिथे एकच प्रश्न होता, "उद्या थांबणार का?"

परतीच्या वाटेवर जहाजानं वळसा घेतला. पहाटे पुन्हा कल्पेनी. सूचना झाली, "जहाज एक तास थांबेल. फक्त बेटावरचे रहिवासी उतरतील. पर्यटकांनी जागेवर राहावं."

आणि काय सांगू! परवा ज्यांनी भांडण मांडलं होतं, त्यांच्यातल्या एकानंही "आम्ही का नाही?" असं विचारलं नाही. सगळे कठड्यापाशी दाटीनं उभे राहिले. होडी आली. अजूनही वर-खाली होत होती, पण आता हातभरच. आधी औषधांची खोकी गेली. मग चौघांनी धरून त्या आजारी आईला अलगद उतरवलं. मग मुलीची पाळी आली. होडी खाली गेली असताना कधी उडी मारायची नसते. ती वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हाच पाऊल टाकायचं. वरून माझी पुतणी मोठ्यानं मोजत होती, "बारा, तेरा, चौदा..." आणि पंधराला ती मुलगी होडीत होती!

होडीतल्या माणसानं तिच्या डोक्यावर टप्पल मारली. तेच तिचे मामा असणार. खिंडीतून आत शिरेपर्यंत ती हात हलवत होती, आणि आमचा तिसरीतला चिरंजीव आजोबांच्या खांद्यावर बसून दोन्ही हातांनी तिला उत्तर देत होता.

आई-बाबांसाठी थोडंसं

समुद्रावरच्या सहलीला मुलांना घेऊन जाणार असाल, तर काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. मुलांना निघण्यापूर्वीच सांगावं, की एखादं बंदर चुकू शकतं. ऐन वेळी कळलं, तर ती फसवणूक वाटते. आधी कळलेलं असलं, तर तो प्रवासाचाच एक भाग वाटतो. मार्ग बदलला तर पैशांचं काय, हे कागदावर सही करण्यापूर्वी वाचून घ्यावं. परतीची रेल्वे जहाज पोचण्याच्या दिवशीचीच काढू नये, एक दिवस मध्ये मोकळा ठेवावा. रोजची औषधं आणि मुलांचा खाऊ दोन दिवस पुरेल इतका जादा असावा. पत्त्यांचा जोड, चित्रकलेची वही आणि नकाशा जवळ असू द्यावा. आणि थांबा रद्द झालाच, तर मुलं आधी आपल्या तोंडाकडे बघतात, हे विसरू नये. आपण कर्मचाऱ्यावर ओरडलो, तर ती ओरडायला शिकतात. आपण "का बरं थांबलं नसेल?" असं विचारलं, तर ती विचारायला शिकतात.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी समुद्रावर जाल, तेव्हा वाळूतला किल्ला बांधून झाला की घड्याळ घेऊन उभे राहा. एक लाट फुटली की मोजायला लागा आणि दुसरी फुटेपर्यंत मोजा. दहा लाटा मोजा आणि वहीत लिहा. पाच आले, तर ती इथल्याच वाऱ्याची पोर. पंधरा आले, तर ती फार लांबून आलेली आहे. अशा वेळी पाण्यात खेळायला न जाता वर येऊन बसा आणि धाकट्यांनाही वर बोलवा.

माझं कल्पेनी पाहायचं राहिलं ते राहिलंच. मुलींची ती पहिली शाळा नाही, तो दगडांचा बांध नाही. पण त्या बेटावरची एक मुलगी आपल्या घरी पोचली, ते मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलं.